अद्भुताची लोकप्रियता आणि वाङ्मयीन गुणवत्ता : मराठी बालवाचनाच्या संदर्भात एक विवेचन

प्रास्ताविक

बालवाङ्मयाकडे महाविद्यालयीन समीक्षेचे लक्ष सहसा दोनच प्रसंगी जाते. एखादा मान्यवर कवी किंवा कादंबरीकार मुलांसाठी लिहितो तेव्हा त्याच्या एकूण वाङ्मयाचा एक भाग म्हणून त्या लेखनाची नोंद घेतली जाते; आणि एखादे पुस्तक इतके खपते की त्याच्याविषयी मौन बाळगणे अशक्य होते तेव्हा 'हे साहित्य आहे काय ?' असा प्रश्न उपस्थित केला जातो. जे. के. रोलिंग यांच्या हॅरी पॉटर मालिकेच्या वाट्याला हा दुसरा प्रसंग आला. २६ जून १९९७ रोजी या मालिकेचे पहिले पुस्तक लंडनमध्ये प्रसिद्ध झाले, तेव्हा त्याच्या पुठ्ठाबांधणीच्या अवघ्या ५०० प्रती छापल्या गेल्या होत्या. २१ जुलै २००७ रोजी सातवे आणि शेवटचे पुस्तक निघाले, त्या दिवशी मुंबई-पुण्याच्या ग्रंथविक्री दुकानांपुढे सकाळपासून रांगा लागल्या होत्या. आजवर ८० हून अधिक भाषांत मिळून या मालिकेच्या ६० कोटींवर प्रती खपल्याचे प्रकाशक सांगतात. त्या भाषांत मराठीही आहे. भोपाळच्या मंजुल पब्लिशिंग हाऊसने पहिले पुस्तक मराठीत आणले ते 'हॅरी पॉटर आणि परीस' या नावाने.

या खपाचे वाङ्मयीन मोल किती, हा वाद पाश्चात्त्य जगात गाजला. मराठीत मात्र हाच वाद त्यापूर्वी सव्वाशे वर्षे, निराळ्या पुस्तकांच्या निमित्ताने, चालू होता, हे फारसे लक्षात घेतले गेले नाही. प्रस्तुत लेखात त्या जुन्या वादाच्या प्रकाशात नव्या वादाकडे पाहिले आहे. ज्या जिल्ह्यात पुस्तकाचा खप हे लोकप्रियतेचे माप होऊच शकत नाही, अशा नंदुरबार जिल्ह्यातील अध्यापकांच्या दृष्टीने या प्रश्नाचे स्वरूप कसे बदलते, याचाही विचार केला आहे.

मराठीतील जुना वाद

१८६१ साली लक्ष्मण मोरेश्वरशास्त्री हळबे यांची 'मुक्तामाला' प्रसिद्ध झाली. त्याच दशकात कृष्णशास्त्री चिपळूणकरांनी 'अरबी भाषेतील सुरस व चमत्कारिक गोष्टी' मराठीत आणण्यास आरंभ केला. त्या कार्याला पुढे त्यांचे पुत्र विष्णुशास्त्री यांचाही हात लागला. निबंधकार म्हणून ज्यांचे नाव आदराने घेतले जाते त्या घराण्याने सिंदबाद आणि दिव्याचा राक्षस मराठी घरांत आणावा, ही गोष्ट आपल्या वाङ्मयेतिहासात एखाद्या तळटीपेपुरती उरली आहे.

अद्भुतावरील आक्षेपही तितकेच जुने आहेत. काशिनाथ बाळकृष्ण मराठे यांनी १८७२ च्या 'नावल व नाटक ह्यांविषयी निबंध' या लेखनात अद्भुतरम्य कादंबऱ्यांतील असंभाव्यतेवर टीका करून वास्तवाचा आग्रह धरला. १९०२ मध्ये इतिहासाचार्य वि. का. राजवाडे यांनी 'कादंबरी' या निबंधात अद्भुत आणि वास्तव या दोन प्रवृत्तींचा विस्ताराने विचार केला. दरम्यान रेनॉल्ड्स या इंग्रज कादंबरीकाराची छाया मराठी वाचकावर पडली होती. ती किती दाट असावी, याची कल्पना वास्तववादी कादंबरीचे प्रवर्तक मानले गेलेल्या हरिभाऊ आपट्यांनी आपली पहिली कादंबरी 'मधली स्थिती' त्याच्याच आधारे रचली यावरून येते. पुढे गो. ना. दातारांनी त्याच रेनॉल्ड्सला मराठी वेष चढवून 'कालिकामूर्ती', 'इंद्रभुवनगुहा' यांसारख्या कादंबऱ्या लिहिल्या. वाचनालयांतून त्यांची पाने झिजत राहिली. पाठ्यपुस्तकांच्या संपादकांना त्यांची आठवण क्वचितच झाली.

या साऱ्यात एक गोष्ट लक्षणीय आहे. मराठीत अद्भुतकथेचा निवाडा बहुधा वाङ्मयीन कसोटीवर झालाच नाही. तो उपयुक्ततेच्या कसोटीवर झाला. 'मुलाला यातून काय मिळते ?' या प्रश्नाचे उत्तर 'संस्कार' असे असेल तर पुस्तक ग्राह्य, नाहीतर ते वेळेचा अपव्यय. खानदेशाला या कसोटीचे उदात्त रूप जवळून परिचित आहे. अमळनेरच्या प्रताप हायस्कूलमध्ये १९२४ ते १९३० या काळात शिक्षक असलेल्या, विद्यार्थ्यांसाठी 'विद्यार्थी' मासिक चालविणाऱ्या साने गुरुजींची १९३५ साली प्रसिद्ध झालेली 'श्यामची आई' ही मराठीतील सर्वाधिक वाचल्या गेलेल्या पुस्तकांपैकी एक. तिच्याबाबतीत लोकप्रियता आणि मान्यता यांत कधीच भांडण झाले नाही, कारण तेथे संस्कार होता आणि अद्भुत नव्हते. परंतु एका थोर पुस्तकाला लागू पडलेली मोजपट्टी सर्व बालवाङ्मयाला लावली गेली, आणि राजपुत्र, राक्षस, उडती चटई हे सारे 'केवळ मनोरंजन' या सदरात ढकलले गेले.

हॅरी पॉटरच्या बाजूने मराठी शिक्षक-पालकांनी जो युक्तिवाद वारंवार केला, 'निदान मुले वाचू तरी लागली', तोही तपासून पाहिला तर संस्कारवादाचाच अवतार ठरतो. त्यात पुस्तकाविषयी काहीच सांगितलेले नसते. केवळ सवयीची उपयुक्तता सांगितलेली असते.

पाश्चात्त्य आक्षेप आणि त्यांची मर्यादा

जुलै २००० मध्ये 'न्यूयॉर्क टाइम्स'ने सर्वाधिक खपाच्या पुस्तकांच्या यादीतून बालपुस्तके वेगळी काढली आणि त्यांची स्वतंत्र यादी सुरू केली. पॉटरची पुस्तके मूळ यादीत वरच्या जागा अडवून बसली होती, हे त्यामागील उघड कारण होते. लोकप्रियता हे वस्तुनिष्ठ माप आहे असे समजणाऱ्यांनी हा प्रसंग ध्यानात ठेवावा. मोजणाऱ्याने रकाना बदलला की क्रमांकही बदलतो.

त्याच महिन्यात अमेरिकी समीक्षक हॅरोल्ड ब्लूम यांनी 'वॉल स्ट्रीट जर्नल'मध्ये पहिल्या पुस्तकावर प्रखर टीका केली. त्यातील भाषा गुळगुळीत झालेल्या शब्दप्रयोगांनी भरलेली आहे आणि रचना 'टॉम ब्राउन्स स्कूल डेज' या १८५७ मधील शालेय कादंबरीची जादूई आवृत्ती आहे, असा त्यांचा मुख्य रोख होता. २००३ मध्ये कादंबरीकार ए. एस. बायट यांनी 'न्यूयॉर्क टाइम्स'मधील लेखात निराळा मुद्दा मांडला : रोलिंग यांचे जग अनेक जुन्या पुस्तकांतील तुकडे जोडून बनविलेले, म्हणून दुय्यमाहूनही दुय्यम आहे. पुरस्कारांच्या पातळीवरही ही ओढाताण दिसली. १९९९ च्या व्हिटब्रेड पुरस्कारांत मालिकेतील तिसऱ्या पुस्तकाला बालसाहित्याचे पारितोषिक मिळाले, परंतु सर्वोत्कृष्ट पुस्तकाचा मान शेमस हीनी यांच्या 'बेवुल्फ'च्या अनुवादाने थोडक्यात पटकावला. दोनच वर्षांनी फिलिप पुलमन यांच्या 'द अँबर स्पायग्लास'ने तोच सर्वोच्च मान मिळविला. बालपुस्तकाला तो प्रथमच मिळाला. यावरून परीक्षकांचे वैर अद्भुताशी नव्हते एवढे तरी निश्चित म्हणता येईल.

ब्लूम यांचा भाषेविषयीचा आक्षेप बऱ्याच अंशी मान्य करावा लागतो. रोलिंग यांची पात्रे काही बोलली की ती कशी बोलली हे क्रियाविशेषणाने सांगण्याचा मोह लेखिकेला आवरत नाही. चौथ्या पुस्तकापासून आटोपशीरपणाही सुटतो. पहिले पुस्तक मूळ ब्रिटिश आवृत्तीत २२३ पृष्ठांचे आहे, पाचवे ७६६ पृष्ठांचे. ही वाढ सर्वस्वी आशयाची नाही.

बायट यांचा उसनवारीचा आक्षेप मात्र भारतीय वाचकाला तितकासा पटणार नाही. ज्या परंपरेत सोमदेवाने अकराव्या शतकात गुणाढ्याच्या बृहत्कथेतून 'कथासरित्सागर' सिद्ध केला, त्यात वेतालकथा सामावल्या गेल्या, आणि त्याच वेतालकथा पुढे देशी भाषांतून पुन्हा पुन्हा सांगितल्या गेल्या, तेथे 'हे तुकडे आधीचे आहेत' हा दोष ठरत नाही. येथे विचारायचे ते एवढेच की जुन्या तुकड्यांतून नवे काही घडले की नाही.

एक वाङ्मयीन कसोटी

भरताच्या नाट्यशास्त्रात अद्भुत हा आठ रसांपैकी एक आहे आणि विस्मय हा त्याचा स्थायीभाव. येथे 'स्थायी' हा शब्द मोलाचा आहे. क्षणभर थक्क होणे म्हणजे रस नव्हे. विस्मय टिकतो केव्हा ? वेतालपंचविशीतील एक प्रसिद्ध कथा येथे उपयोगी पडेल. एका तरुणीवर तिघांचे प्रेम असते. ती मरते. एक तरुण तिच्या राखेशेजारी राहतो, दुसरा तिच्या अस्थी गंगेत नेतो, तिसरा देशोदेशी हिंडून मृताला जिवंत करण्याचा मंत्र मिळवतो. ती जिवंत होते आणि वेताळ विचारतो, आता ती कोणाची पत्नी ? मृताचे जिवंत होणे, म्हणजे कथेतील सर्वांत मोठा चमत्कार, एखाद्या वाक्यात उरकला जातो. कथेचे सारे बळ त्यानंतरच्या प्रश्नात आहे, आणि चमत्कार काढून टाकला तर तो प्रश्न उद्भवतच नाही.

यातून अद्भुतकथेसाठी एक कसोटी हाती येते. कथेतील अद्भुत वजा करून पाहावे. कथा जशीच्या तशी उरली तर अद्भुत हा नुसता अलंकार होता. कथेतील मानवी प्रश्नच नाहीसा झाला तर अद्भुत हा तिचा प्राण होता. या कसोटीचे दुसरे अंग नियमाचे आहे. काल्पनिक जगाला स्वतःचे नियम असले पाहिजेत आणि लेखकाने ते अडचणीच्या वेळीही पाळले पाहिजेत. जे. आर. आर. टॉल्किन यांनी १९३९ मध्ये परीकथेवर दिलेल्या व्याख्यानात लेखकनिर्मित दुय्यम जगाची जी कल्पना मांडली, तिचे मर्म हेच आहे. वेताळाच्या जगातही नियम आहे : राजा बोलला की प्रेत पुन्हा झाडावर. राजाच्या शहाणपणामुळेच राजाचे काम अडते. ही रचना साधी आहे आणि तिच्यात पळवाट नाही.

या कसोटीवर पॉटर मालिका एकसारखी उतरत नाही, आणि तिची खरी समीक्षा या असमानतेतच आहे. पहिल्या पुस्तकात पाहणाऱ्याची सर्वांत खोल इच्छा दाखविणारा एक आरसा आहे. अनाथ हॅरीला त्यात आपले आईवडील दिसतात आणि तो रात्रीमागून रात्री त्यापुढे बसू लागतो. पुढे परीसही त्याच आरशात दडविलेला निघतो; आणि तो ज्याला केवळ शोधायचा आहे, वापरायचा नाही, त्यालाच मिळतो. इच्छेचा मोह आणि इच्छेचा निग्रह एकाच वस्तूत बसवणे ही सामान्य लेखकाची करामत नव्हे. पाचव्या पुस्तकातील, ज्याने मृत्यू डोळ्यांनी पाहिला आहे त्यालाच दिसणारे घोडे ही कल्पनाही त्याच प्रतीची. दुःखाने दृष्टी बदलते हे तेथे एका ओळीचेही प्रवचन न करता सांगितले आहे. उलट तिसऱ्या पुस्तकातील काळ मागे फिरविणारे यंत्र पाहावे. एका विद्यार्थिनीला एकाच वेळी अनेक तासांना बसता यावे म्हणून ते दिले जाते. कथेच्या शेवटी त्याने दोन जीव वाचतात. आणि त्यानंतर मालिकेत माणसे मरत असता कोणालाही त्याची आठवण होत नाही. पाचव्या पुस्तकात एका झटापटीत अशी यंत्रे फुटून जातात, आणि लेखिकेची अडचण सुटते. येथे नियम मोडला आहे. झाडूवर बसून खेळण्याचा क्रीडाप्रकार तर, उड्डाण वजा केले असता, कोणत्याही शाळेच्या मैदानावरील सामना ठरतो. चित्रपटांनी आणि बाजाराने सर्वाधिक उचलला तो हाच भाग, हे ओघाने आलेच.

अनुवादाने काय दाखविले

अनुवादाच्या अंगाने पाहिले तर गुणवत्तेचा आणखी एक पैलू दिसतो. मूळ ब्रिटिश शीर्षकातील 'फिलॉसॉफर्स स्टोन' हा शब्द अमेरिकी मुलांना कळणार नाही अशा समजुतीने तेथील प्रकाशकाने १९९८ मध्ये तो बदलून 'जादूगाराचा दगड' अशा अर्थाचे शीर्षक दिले, आणि युरोपातील किमयागारांची सारी परंपरा त्या एका बदलाने पुसली गेली. मराठीला असा बदल करावा लागला नाही. 'परीस' हा शब्द ओव्या-अभंगांतून घरोघर पोचलेला होता. मात्र त्यामुळे अर्थ सरकतो. युरोपीय दगड सोने करतो आणि अमृतही देतो. मराठी परीस लोखंडाचे सोने करतो, आणि संतवाङ्मयात तो सत्संगाचा दृष्टांत आहे. ज्या मुलाच्या कानावर हा दृष्टांत आहे तो कथेत एक वेगळीच अपेक्षा घेऊन शिरतो.

याउलट वर उल्लेखिलेल्या आरशाचे नाव हे इंग्रजीतील इच्छावाचक शब्दाची अक्षरे उलटी मांडून केलेले आहे. रोमन लिपीत हे एकेका वर्णाने साधते. देवनागरीत उलटापालट अक्षराक्षराने होते. 'मनोरथ'चे 'थरनोम' होते आणि ते उच्चारायला गमतीचे असले तरी त्यात आरशाचे गूढ उरत नाही. शब्दखेळावर उभा असलेला विस्मय लिपीच्या सीमेवर अडखळतो. प्रसंगावर उभा असलेला सीमा ओलांडतो. अनाथ मुलगा आरशापुढे बसतो तेव्हा त्याचे दुःख समजण्यास नाव कळण्याची गरज पडत नाही.

हीच गोष्ट मराठीने त्यापूर्वी 'चांदोबा'च्या रूपाने अनुभवली होती. मद्रासहून बी. नागी रेड्डी आणि चक्रपाणी यांनी १९४७ मध्ये सुरू केलेल्या 'चंदामामा'ची मराठी आवृत्ती १९५२ पासून 'चांदोबा' या नावाने निघू लागली. तिच्यातील मजकूर बव्हंशी तेलुगूतून आलेला, भाषा काहीशी संस्कृतप्रचुर, कथांवर लेखकाचे नाव बहुधा नाही. तरीही महाराष्ट्राच्या गावोगावच्या मुलांना रंगीत चित्रांसह अद्भुत मिळाले ते येथूनच. विक्रम-वेताळाच्या मूळ पंचवीस कथा संपल्यावर त्याच चौकटीत नवनव्या कथा रचल्या गेल्या आणि हे सदर काही दशके टिकले. खांद्यावर प्रेत घेऊन चाललेल्या राजाचे के. सी. शिवशंकरन, म्हणजे 'शंकर', यांनी काढलेले चित्र हीच त्या मासिकाची ओळख झाली. त्या सर्व कथा उत्तम होत्या असे नव्हे. पुष्कळ कथांतील दुष्ट मांत्रिक आणि सज्जन राजपुत्र एकाच साच्यातले होते. परंतु शेवटच्या प्रश्नाच्या नियमामुळे सामान्य लेखकालाही काहीतरी पेच निर्माण करणे भाग पडे. चौकटीनेच गुणवत्तेची किमान पातळी राखली. हे मासिक २०१३ च्या सुमारास बंद पडले तेव्हा त्यावर मृत्युलेखवजा आठवणी पुष्कळ आल्या. वाङ्मयीन विश्लेषण जवळजवळ आले नाही.

नंदुरबारच्या संदर्भात

१ जुलै १९९८ रोजी धुळे जिल्ह्याचे विभाजन होऊन नंदुरबार जिल्हा अस्तित्वात आला. २०११ च्या जनगणनेनुसार त्याच्या लोकसंख्येत अनुसूचित जमातींचे प्रमाण ६९ टक्क्यांहून अधिक आहे आणि साक्षरता सुमारे ६४ टक्के, म्हणजे राज्यात सर्वांत कमी, आहे. अक्कलकुवा किंवा धडगाव तालुक्यातील मूल घरी भिलीच्या एखाद्या बोलीत वा पावरीत बोलते, बाजारात अहिराणी किंवा गुजराती ऐकते, आणि शाळेत प्रमाण मराठी शिकते. 'हॅरी पॉटर आणि परीस' हे त्याच्यासाठी अनुवादित पुस्तक तर आहेच, शिवाय ज्या भाषेत ते अनुवादित आहे तीही त्याने कष्टाने मिळविलेली आहे. येथे पुस्तकांचा खप मोजल्यास क्रयशक्ती मोजली जाईल, आवड नव्हे.

आणि तरीही अद्भुताच्या लोकप्रियतेत हा प्रदेश कोणत्याही महानगराच्या मागे नाही. सातपुड्याच्या दोन्ही अंगांचे आदिवासी धान्यदेवता याहामोगी, म्हणजे देवमोगरा माता, हिच्या दर्शनाला महाशिवरात्रीच्या सुमारास गुजरातेतील सागबारा तालुक्यात जातात, आणि तिच्या कथा गायिल्या-सांगितल्या जातात. येथे एक सावधगिरी आवश्यक आहे. सांगणाऱ्याच्या दृष्टीने ही कल्पितकथा नाही. ती श्रद्धा आहे, वंशाची आठवण आहे. 'अद्भुत' हे सदर बाहेरच्या अभ्यासकाचे. परंतु कथनाची रीत म्हणून तिच्याकडे पाहणे अनादराचे नाही. उत्तर गुजरातेत भगवानदास पटेल यांनी डुंगरी भिलांकडून 'भीलोनुं भारथ' यांसारखी दीर्घ मौखिक आख्याने संकलित केली, तेव्हा लेखन न जाणणाऱ्या समाजाची रचनाशक्ती केवढी असते हे विद्वानांच्या ध्यानात आले.

मौखिक कथनात लोकप्रियता आणि गुणवत्ता यांची फारकत होण्यास फार थोडा वाव असतो. कथा सांगणाऱ्याला हुंकारा देणारा श्रोता समोर असतो. हुंकारा मंदावला की सांगणाऱ्याला कळते. जाहिरात नाही, मुखपृष्ठ नाही, गेल्या भागाच्या पुण्याईवर पुढचा भाग खपवण्याची सोय नाही. जे रेंगाळते ते पुढच्या पिढीत आपोआप गळते. रोलिंग यांच्या पाचव्या पुस्तकाची ७६६ पृष्ठे अशा बैठकीत टिकली नसती. आरशाचा प्रसंग मात्र निश्चित टिकला असता. मराठी रंगभूमीवर याच्या जवळचा अनुभव रत्नाकर मतकरी यांच्या 'अलबत्या गलबत्या'ने दिला. बालप्रेक्षक कंटाळला तर तो सभ्यतेने बसून राहत नाही, आणि तरी हे जुने नाटक २०१८ मध्ये पुन्हा रंगमंचावर आले तेव्हा नाट्यगृहे भरली.

अध्यापकांच्या हाती या विषयात एक प्रत्यक्ष अधिकार असतो, तो ग्रंथनिवडीचा. शाळा-महाविद्यालयांची ग्रंथालये, १९६७ च्या कायद्याखालील सार्वजनिक वाचनालये यांत बालविभागासाठी पुस्तके घेताना शासनमान्य यादी आणि विक्रेत्याची यादी समोर असते, अनुदान तुटपुंजे असते आणि मार्चअखेर जवळ आलेली असते. अशा वेळी नाव ऐकलेले पुस्तक घेतले जाते. देवघेव नोंदवहीकडे पाहण्यास कोणाला सवड नसते. वास्तविक एखादे पुस्तक एकाच मुलाने किती वेळा नेले आणि अर्धे वाचून परत किती वेळा आले, ही माहिती कोणत्याही खपाच्या आकड्याहून अधिक बोलकी ठरेल. भाषा व साहित्याच्या पदव्युत्तर विद्यार्थ्यांना लघुप्रबंधासाठी हा विषय देता येण्याजोगा आहे. मुलाने वाचलेली कथा त्याला त्याच्या बोलीत सांगावयास लावावी आणि त्यात काय गळले, काय उरले, याची नोंद ठेवावी. झाडूवरचा खेळ उरतो की आरसा, हे तेथे कळेल.

ग्रंथालयाच्या मांडणीतही हा प्रश्न दडलेला आहे. ड्यूई दशांश पद्धतीप्रमाणे पॉटरचा मराठी अनुवाद ८२३ या इंग्रजी कथावाङ्मयाच्या क्रमांकाखाली जातो. मराठीत स्वतंत्रपणे लिहिलेली अद्भुतरम्य कादंबरी ८९१.४६३ खाली. वेतालपंचविशी आणि भिलांच्या कथांचे संग्रह ३९८ खाली, म्हणजे समाजशास्त्र, शिक्षण आणि रूढी यांच्या शेजारी, वाङ्मयाच्या कपाटापासून दूर. 'चांदोबा'चे बांधीव अंक असलेच तर नियतकालिकांच्या खोलीत. एकाच प्रकारच्या गोष्टी शोधणाऱ्या सहावीतील मुलाला त्यासाठी चार ठिकाणी जावे लागते, आणि त्यांतील तीन ठिकाणी बालविभागाची पाटी नसते.